मॉनिटर एक, वापरणारे दोघं

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, धनकवडीत राहतो. असेंबल केलेला पीसी आहे, त्यात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, पण मॉनिटर अजून बाबांच्या जुन्या मशीनचा, १९ इंची. मी रात्री व्हॅलोरंट खेळतो, सुट्टीत जीटीए ५. दिवसभर त्याच मशीनवर आई मराठी डीटीपीचं काम करते, पत्रिका, अहवाल, आता दिवाळी अंकाची पानं पण आलीयेत. बजेट वीस हजार. टिळक रोडवरच्या एका दुकानात २७ इंची कर्व्ह्ड, फुल एचडी, १६५ हर्ट्झ घे म्हणाले, मित्र म्हणतो २४० हर्ट्झच्या खाली बघूच नकोस. काय घेऊ?

उत्तर : तुझ्या पत्रातली आईची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, म्हणून तिथूनच सुरू करतो. तू दोन तास स्क्रीनसमोर असशील तर ती आठ तास असते, आणि ती बघते काय तर अक्षरं. फुल एचडी म्हणजे साधारण पावणेएकवीस लाख पिक्सेल, ते २४ इंचात बसवले तर इंचाला ९२ येतात आणि २७ इंचात ताणले तर ८२ च. गेममध्ये हे पटकन कळत नाही, पण मराठी मजकुरात लगेच कळतं. दुकानात पेन ड्राइव्हवर आईची एखादी पीडीएफ घेऊन जा आणि ‘ष्ट्य’, ‘र्द्ध’, ‘ङ्क’ असलेली ओळ शंभर टक्के साइझला उघडून बघ, रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून नुसता ठिपका दिसतो. प्रूफ तपासणाऱ्या माणसाला हा रोजचा त्रास आहे, डोळे दुखतात आणि चुका सुटतात त्या वेगळ्याच.

तेव्हा २७ इंच घ्यायचा तर क्यूएचडीच घे, म्हणजे २५६० बाय १४४०, इंचाला जवळजवळ १०९ पिक्सेल. अक्षरं बारीक वाटली तर विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के कर, मोठी होतील आणि रेखीवही राहतील. पॅनल, म्हणजे आतला पडदा, आयपीएस जातीचा घे. दुसरी जात व्हीए, त्या पॅनलचा काळा रंग जास्त गडद असतो हे खरं, सिनेमाला छान, पण त्यातल्या बऱ्याच स्वस्त मॉनिटरवर अंधाऱ्या सीनमध्ये हलणाऱ्या गोष्टीमागे काळपट शेपूट दिसतं, आणि बाजूने बघितलं की रंग बदलतात. कर्व्ह्ड तर तुमच्या घरी नकोच, आईला दिवसभर टेबलच्या रेघा आणि पानाचे समास सरळ आहेत का ते बघायचं असतं.

आता २४० चं. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते. ६० हर्ट्झला एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ ला ६.९ आणि २४० ला ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर आलास की जवळजवळ दहा मिलिसेकंद वाचतात, तो फरक माउस हलवल्या हलवल्या हाताला कळतो, आणि तिथून पुढे २४० पर्यंत जेमतेम पावणेतीन. त्यासाठी पैसे घालण्यापेक्षा तेच क्यूएचडीत घाल. तुझं कार्ड क्यूएचडीवर व्हॅलोरंट आरामात १४४ च्या वर नेईल, जीटीएला एक-दोन सेटिंग खाली आणावी लागतील. आणि आरटीएक्स आहे म्हणून जी-सिंकचंच, म्हणजे कार्ड आणि मॉनिटरचा वेग जुळवणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राचं, लेबल शोधत बसू नकोस, जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या कार्डांवर तेच काम करणारे अडॅप्टिव्ह सिंकवाले मॉनिटरही चालतात, फ्रेम कमीजास्त झाल्या तरी चित्र मधूनच कापल्यासारखं दिसत नाही. खोक्यावरच्या ‘१ एमएस’ (पिक्सेल रंग बदलायला लागणारा वेळ) आणि ‘एचडीआर’ (जास्त उजळ-गडद चित्र) या दोन शब्दांसाठी मात्र एक रुपयाही जास्त देऊ नकोस, या किमतीत खऱ्या एचडीआरला लागतो तेवढा उजेडच पॅनलमध्ये नसतो. त्यापेक्षा वरखाली होणारं स्टँड बघ, तुझी आणि आईची उंची सारखी नसणार.

घरी आणल्यावरचं काम लोक विसरतात. माझ्या भाच्याने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि आठ महिने तो ६० वरच चालवला, वर सगळ्यांना सांगायचा की काही फरक नसतो. मी गेलो तेव्हा बघितलं तर केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली. ती बदलली तरी विंडोजमध्ये ६० च होतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट आपल्या हाताने निवडावा लागतो. त्याने निवडला, नुसता कर्सर गोल गोल फिरवला आणि अर्धा मिनिट बोललाच नाही. तू डिस्प्लेपोर्टची केबल लाव, कारण काही मॉनिटरचा एचडीएमआय जुना असतो आणि क्यूएचडीला पूर्ण हर्ट्झ देत नाही. खोक्यात केबल नसली तर तपकीर गल्लीत मिळेल, फार भारीतली नको.

हो, आणि पहिल्याच दिवशी पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पूर्ण पडदे लावून मेलेला पिक्सेल आहे का बघ, एक-दोन पिक्सेलसाठी बऱ्याच कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, तेव्हा परत करायची मुदत आहे तोवरच काय ते बघून घे. अशा २७ इंची क्यूएचडी मॉनिटरला सेलमध्ये वीस हजार पुरतात. नाहीच बसलं तर २४ इंची फुल एचडी आयपीएस १४४ घे, आईला तोही चालेल. २७ फुल एचडी मात्र नको.

प्रश्न : आमच्याकडे वारज्याला गुरुवारी लाईट जाते. छोट्या यूपीएसवर फक्त सीपीयू लावलाय, नवा मॉनिटरही लावू का, का लोड वाढेल?

उत्तर : लावाच. २७ इंची एलईडी मॉनिटर साधारण ३० ते ४० वॉट घेतो, आणि तो बंद पडला तर फाइल सेव्ह करायला तुम्हाला दिसणार काय? ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस बहुतेक ३६० वॉटचाच असतो आणि गेम चालू असला की पीसी जास्त वीज घेतो, त्यामुळे लाईट गेली की गेम आधी बंद करायचा. लेझर प्रिंटर तेवढा यूपीएसला लावू नका, तापताना तो एकदम खूप करंट ओढतो.