खाण्याचा हिशोब आणि पिण्याचा हिशोब

प्रिय मित्रा,

तुझे दोन्ही प्रश्न एका दमात आले. टाइप वन डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असा मधुमेह, म्हटल्यावर आता जन्मभर मोजूनमापूनच खायचं का, हा पहिला. मित्रांसोबत कधी थोडी घेतली तर चालेल का, हा दुसरा, आणि तो बराच चाचरत विचारलास. चाचरू नकोस. डॉक्टरांसमोर बसशील तेव्हाही असाच सरळ विचार. 'मी घेतच नाही' असं सांगून घेणारा रुग्ण स्वतःच्याच उपचारात खोटी आकडेवारी भरत असतो.

मात्र हे दोन प्रश्न तू एकाच पारड्यात टाकलेस, ते मला पटलेलं नाही. खाण्याच्या बाबतीत तुला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ मोकळीक आहे. दारूच्या बाबतीत तुला वाटतं त्यापेक्षा कमी आहे.

आधी खाणं. १९२२ मध्ये माणसावर इन्सुलिनचा पहिला वापर झाला. त्याआधी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, तेवढाच उपाय होता. पथ्याचा तो धाक लोकांच्या बोलण्यात अजून टिकून आहे. आज गणित उलटं करता येतं. जे खाणार त्यातले कार्ब्स, म्हणजे शुगर वाढवणारे पिष्ट-साखरेचे पदार्थ, मोजायचे आणि त्याप्रमाणे इन्सुलिनचे युनिट ठरवायचे. जर्मनीत आधीपासून शिकवली जाणारी ही पद्धत ब्रिटनमध्ये 'डॅफ्नी' नावाने तपासली गेली. २००२ साली आलेल्या निष्कर्षांत लोकांचं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, सुधारलं होतं आणि आयुष्याबद्दलचं समाधानही वाढलं होतं. म्हणजे गोड खाल्लं म्हणून अपराधी चेहरा करायची गरज नाही. मोजता आलं पाहिजे, आणि ते काही आठवड्यांत येतं. कुणी ताटाकडे बघून 'हे चालतं का तुला?' असं विचारेलच. 'चालतं' म्हण आणि जेव.

दारूचं गणित असं नाही, आणि सगळी अडचण लिव्हरपाशी आहे. तू झोपलेला असताना शुगर खाली जाऊ लागली की लिव्हर साठवलेलं आणि नव्याने बनवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. पण अल्कोहोल आलं की लिव्हर एका वेळी एकच फाइल हातात घेणाऱ्या कारकुनासारखं वागतं. आधी अल्कोहोल निकालात काढायचं, मग बाकीचं. तेवढा वेळ नवं ग्लुकोज बनवणं मंदावतं. तुझं इन्सुलिन मात्र काम करतच असतं. म्हणून धोका पार्टीत कमी आणि पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त असतो. पुढचे चोवीस तास सावध राहायचं ते यासाठी.

त्यात एक फसवणूक आहे. गोड मिक्सर किंवा बिअर घेतली की सुरुवातीला शुगर चढलेली दिसते. ती बघून झोपायच्या आधी इन्सुलिनचा जादा डोस टोचायचा मोह होतो. तो आवर. बेसल इन्सुलिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, मनाने बंद करणंही तितकंच वाईट, कारण मग दुसऱ्या टोकाला कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात जिवावर बेतणारं आम्ल साठणं, उभा असतो. अशा रात्री डोस किती बदलायचा, हे आधीच डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घे.

आता मला सर्वांत जास्त घोर ज्याचा वाटतो ते सांगतो. घाम, बोबडी वळणं, झोकांड्या, चिडचिड ही लो शुगरची लक्षणं आणि नशेची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात. 'याला चढली आहे, झोपू दे' असं म्हणून मित्र पांघरूण घालतील, आणि ते प्रेमानेच घालतील. म्हणून सोबत एक तरी माणूस न पिणारा हवा. त्याला तुझा आजार ठाऊक हवा आणि शुगर तपासता यायला हवी. ७० mg/dL च्या खाली आकडा दिसला आणि तू शुद्धीत असलास तर १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. ग्लुकागॉन, म्हणजे लिव्हरमधलं ग्लुकोज बाहेर काढायला लावणारं औषध, जवळ असेल तर द्यायचं, पण लिव्हरचा साठा आटलेला असल्यामुळे ते नेहमीइतकं लागू पडेलच असं नाही. त्यामुळे लगेच रुग्णवाहिका बोलवायची. हे त्याला आधी सांग, पहिल्या ग्लासानंतर नव्हे.

बाकीचं थोडक्यात. उपाशीपोटी घ्यायची नाही. खूप नाचलास किंवा व्यायाम झाला असेल त्या दिवशी तर नाहीच. झोपताना आकडा नेहमीपेक्षा थोडा वर असू दे, रात्री उठवणारा गजर लाव, सकाळचा नाश्ता चुकवू नकोस. डोळ्यांचा पडदा, नसा, किडनी किंवा लिव्हर यांत बिघाड सुरू झाला असेल तर चर्चाच नको, सोडलेली बरी. आणि निरोगी माणसांसाठीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की अल्कोहोलची पूर्ण सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. 'वाइन हृदयाला चांगली' वगैरे ऐकवणाऱ्याला हे ऐकव.

माझं मत विचारशील तर घेऊच नये. पण नको म्हणायचं ते शुगरचं निमित्त पुढे करून नव्हे. 'मी घेत नाही' एवढं वाक्य पुरतं. तू घ्यायची ठरवलीस तरी मी बोलणं सोडणार नाही.

राहता राहिला आयुष्याचा प्रश्न. डीसीसीटी नावाच्या टाइप वनवरच्या मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवलं की शुगर काटेकोर ठेवली तर डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान खूप कमी होतं. त्याच अभ्यासात गंभीर लो शुगरचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले होते. आजचे शुगर मोजणारे सेन्सर आणि इन्सुलिनं वेगळी आहेत, तरी अर्थ तोच: कडकपणालाही किंमत असते. लोच्या भीतीने झोप उडत असेल, बाहेर जाणं टाळत असशील, दर जेवणाला वैताग येत असेल, तर तेही उपचाराचंच दुखणं आहे. रिपोर्टसोबत हे डॉक्टरांना सांग आणि तुझं लक्ष्य थोडं सैल करता येईल का ते विचार. कार्ब्स शिकवणारा आहारतज्ज्ञही त्याच भेटीत मागून घे.

तुझा,
काका