दुसरीतलं अडखळतं वाचन

मॅडम, पंचवटीच्या शाळेत दुसरी मिळालीय, तर एवढं ऐकाच. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ‘लक्ष नाही’ असा शेरा देऊ नका. आधी डोळे-कान तपासून घ्या. मग मूल नेमकं कुठं अडतं ते वहीत टिपा: घ-ध, भ-म यांची अदलाबदल, गाळलेल्या वेलांट्या, जोडाक्षरापाशी थांबणं. तोंडी विचारा, ‘कमळमधला क काढला तर काय उरलं?’ गोष्ट ऐकून चोख उत्तरं देणारं मूल इथं गडबडलं, तर त्याला अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणं) असू शकते, त्याच्यावर नजर ठेवा. नुसतं अक्षर उलटं काढणं या वयात बऱ्याच मुलांचं होतं. घरी अहिराणी बोलणाऱ्याचा शब्दांचा गोंधळही निराळा, तो यात धरू नका.

अध्ययन अक्षमतेचं निदान करणं आपलं काम नाही. नोंदी समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही दिव्यांगत्वात धरली आहे. दहावीला जादा वेळ मिळतो, त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. मदतीसाठी मात्र कागदाची वाट बघू नका. रोज दहा मिनिटं, एका वेळी एकच स्वरचिन्ह (काना, वेलांटी), बोटानं गिरवत मोठ्यानं उच्चार. आणि कृपा करून त्याला सगळ्या वर्गासमोर वाचायला उभं करू नका.