एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी क्वांटम सिस्टिम सिम्युलेट करायचीय, मॅटलॅबचं लायसन्स नाही आणि लॅपटॉप ८ जीबीचा, फुकटातलं कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

क्यूटिप वापरा. तुम्ही लिहिलंय की कॅव्हिटीत, म्हणजे प्रकाश कोंडून ठेवणाऱ्या पोकळीत, एक अणू आहे आणि कॅव्हिटीतून फोटॉन गळतायत, एवढीच सिस्टिम आहे, तर हे बरोबर त्याच कामासाठी बनलंय. पायथॉनची लायब्ररी आहे, बीएसडी लायसन्स, म्हणजे फुकट आणि कोडही उघडा, पिप इन्स्टॉल क्यूटिप केलं की आलं, कुणाच्या सहीसाठी ऑफिसात खेटे घालायला नकोत. आधी या कामाला ऑकलंडला तयार झालेला क्वांटम ऑप्टिक्स टूलबॉक्स वापरायचे, तो स्वतः फुकट होता पण चालवायला मॅटलॅब लागायचं, म्हणजे तुमचंच दुखणं. मग जोहान्सन, नेशन आणि नोरी यांनी पायथॉनमध्ये हे आणलं, पहिला पेपर २०१२ चा, जपानच्या रिकेन संस्थेतलं काम.

रेणू किंवा स्फटिक करायचा असता तर क्वांटम एस्प्रेसो किंवा पायएससीएफ सांगितलं असतं, स्पिनच्या साखळ्यांना क्विस्पिन, नुसत्या सर्किटला किस्किट. तुम्हाला आत्ता यातलं काहीच लागणार नाही.

८ जीबीची काळजी करू नका. एक कॉम्प्लेक्स आकडा १६ बाइट खातो. कॅव्हिटीच्या ४० लेव्हल (० फोटॉन, १ फोटॉन अशा) आणि अणूच्या २ धरल्या तर डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे सिस्टिमची पूर्ण अवस्था मांडणारा आकड्यांचा तक्ता, ८० बाय ८० ची होते, म्हणजे साधारण १०० केबी, मोबाइलवर काढलेल्या फोटोपेक्षा कमी. अडचण येते ती क्यूबिट, म्हणजे दोन लेव्हलच्या सिस्टिम, वाढवत गेलात की, कारण प्रत्येक क्यूबिटला डेन्सिटी मॅट्रिक्स चौपट होते आणि १४ क्यूबिटला नुसती ती मॅट्रिक्सच ४ जीबीच्या वर जाते, शिवाय सॉल्व्हरला मधल्या हिशोबाला जागा लागते ती वेगळी, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच आधी थांबावं लागतं. तशी वेळ आलीच तर एमईसॉल्व्ह या क्यूटिपच्या नेहमीच्या सॉल्व्हरऐवजी एमसीसॉल्व्ह घ्यायचं, ते पूर्ण मॅट्रिक्सऐवजी एकेक वेव्हफंक्शन पुढे नेतं, मध्येच रँडम उड्या मारतं आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढतं.

आता ज्यासाठी खरं एवढं लांब लिहायला बसलो ते. कॅव्हिटीला खरं तर अनंत लेव्हल असतात, कॉम्प्युटरमध्ये आपण त्या कुठेतरी कापतो, क्यूटिपला डिस्ट्रॉय ऑफ एन लिहून सांगतो की एवढ्याच धर. आणि एन कमी पडला तरी ते तक्रार करत नाही, गुपचूप ग्राफ काढून देतं. माझ्या एमएस्सीत मी हाच जेन्स-कमिंग्स मॉडेल, म्हणजे एक अणू आणि कॅव्हिटीतला प्रकाश, करत होतो, सुरुवातीला प्रकाश लेसरसारख्या कोहेरंट स्टेटमध्ये, अल्फा ४, म्हणजे अल्फाचा वर्ग, सरासरी १६ फोटॉन, आणि एन ठेवला होता १५, कारण एका उदाहरणातून कोड उचलला होता त्यात तो १५ होता. हाताने काढलं तर अणूची दोन लेव्हलमधली डोलणी आधी विरून जातात आणि मग वेळ २५ भागिले जी च्या आसपास (जी म्हणजे अणू आणि प्रकाश यांच्या जोडणीची ताकद) परत उसळतात, याला रिव्हायव्हल म्हणतात, १९८७ मध्ये जर्मनीत एका अणूच्या मेसरवर (मायक्रोवेव्हच्या लेसरवर) हे प्रत्यक्ष मोजलंय. माझ्या ग्राफमध्ये वळवळ भरपूर पण २५ पाशी धड काही नाही. तीन दिवस मी त्याचं कारण फिजिक्समध्ये शोधत बसलो. गाइडना दाखवलं तर त्यांनी ग्राफकडे नीट बघितलंही नाही, एवढंच विचारलं, "अरे, एन किती घेतलायस?"

एन १५ म्हणजे लेव्हल ० ते १४. १६ फोटॉन त्यात मावणार कुठून? एन ४० केला आणि उसळी जिथे हवी तिथे आली.

पण मला राहवेना, कारण मी स्टेटचा नॉर्म, म्हणजे तिची एकूण लांबी, जी १ असायला हवी, तपासला होता आणि तो चोख १ आला होता. मग क्यूटिपमधलं कोहेरंट हे फंक्शनच उघडून वाचलं. त्यात दोन पद्धती आहेत. न सांगता जी चालते ती ऑपरेटर पद्धत, ती कापलेल्या ऑपरेटरनेच व्हॅक्युमला, म्हणजे शून्य फोटॉनच्या स्टेटला, सरकवते, त्यामुळे नॉर्म कायम १ च राहतो, एन कितीही तोकडा असो. दुसरी अ‍ॅनालिटिक, ती सूत्रातले सहगुणक जसेच्या तसे भरते, तिथे एन १५ ठेवला तर नॉर्मचा वर्ग ०.३७ च्या आसपास येतो आणि दोन तृतीयांश स्टेट डब्याबाहेर सांडलीय हे लगेच कळतं. हे सगळं फंक्शनच्या वरच्या चार ओळींत लिहिलेलं होतं. माझ्यासाठी ओपन सोर्सची खरी किंमत ही आहे, पैसे वाचले ते ठीकच, पण आकडा खटकला तेव्हा तो कुठून आला हे मला आत शिरून बघता आलं. तुम्हीही बघा, कोड वाचायला घाबरू नका, पायथॉन आहे, समजतं.

म्हणून कुठलाही ग्राफ रिपोर्टमध्ये लावायच्या आधी एन दहाने वाढवून परत चालवा, रेघ हलली तर पहिला ग्राफ चुकीचा. आणि सगळ्यात वरच्या लेव्हलवर स्टेटचा किती वाटा साचलाय तेही छापून बघा, तो जवळजवळ शून्यच असला पाहिजे.

आणखी तीन चुका हमखास होतात. फोटॉन गळायचा दर कप्पा असेल तर कोलॅप्स ऑपरेटर, म्हणजे क्यूटिपला गळती सांगणारा ऑपरेटर, म्हणून कप्पाचं वर्गमूळ गुणिले ए (तेच वरचं डिस्ट्रॉय ऑफ एन) द्यायचं, नुसता कप्पा नाही. आणि पेपरमध्ये फ्रिक्वेन्सी गिगाहर्ट्झमध्ये असेल तर २π ने गुणायला विसरू नका. टेन्सरमध्ये, म्हणजे दोन्ही भाग एकत्र जोडताना, कॅव्हिटी आधी की अणू आधी हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका, गल्लत झाली तर लेव्हलची संख्या वेगळी असल्यामुळे क्यूटिप बहुतेक वेळा एरर देतंच, पण दोन सारखे क्यूबिट असतील तिथे ते काही बोलणार नाही.

एक मात्र आवर्जून सांगतो. एमईसॉल्व्ह जे समीकरण सोडवतं त्याला सगळे लिंडब्लाडचं समीकरण म्हणतात, पण त्याच वर्षी, १९७६ ला, गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांनीही ते मांडलं होतं. हे सुदर्शन म्हणजे ई. सी. जी. सुदर्शन, केरळचे, अमेरिकेला जाण्याआधी मुंबईत टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, होते. रिपोर्टमध्ये चौघांची नावं लिहा, नुसतं लिंडब्लाड लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं.

सुरुवात गळती न घालता करा, कप्पा शून्य, एन ४०, अल्फा ४, आणि २५ पाशी उसळी दिसतेय का बघा. ती दिसली की मग कप्पा थोडाथोडा वाढवा, उसळी आधी बुटकी होते आणि मग दिसेनाशीच होते, तुमच्या प्रोजेक्टचा पहिला ग्राफ तोच होईल.