आधी पान उलटा, मग बाटली उघडा
(सदर : कुंडीतले प्रश्न)

पाऊस ओसरला, आभाळ मात्र भरलेलंच आहे. अशी हवा पडली की मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, येणार आणि माव्यामागून पत्रं येणार, हे ठरलेलं. त्यामुळे या वेळी सगळी उत्तरं किडीवरचीच.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकीच्या ग्रिलमध्ये यंदा पहिल्यांदाच मिरची, टोमॅटो आणि वांगं लावलंय. एका मिरचीच्या शेंड्याला बारीक हिरवे किडे आहेत, पानं चिकट झालीत, त्यावर पांढरा कोंडा पडलाय आणि मुंग्यांची रांग लागलीय. दुसऱ्या मिरचीची पानं आकसून गेलीत, पण किडा एकही दिसत नाही. टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा आहेत. वांग्याचा एक शेंडा काल अचानक मान टाकून बसला. ताक मारलं, हळदीचं पाणी, राख, लसूण-मिरचीचा अर्क, कपड्यांच्या पावडरीचं पाणी, शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून तंबाखूचं पाणीसुद्धा. आता पानांच्या कडा जळल्यात. सासूबाई म्हणतात, उपटून टाक, मिरची बाजारात दहा रुपयाला मिळते. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उपटू नका. सासूबाईंना म्हणावं, महिनाभर कळ काढा.

आधी फवारण्या थांबवा, सगळ्याच. कडा जळल्या त्या किडीने नव्हे, कपड्यांच्या पावडरीने. तिच्यात सोडा असतो, तो कोवळ्या पानाला सोसत नाही. तंबाखूचं पाणी तर खाण्याच्या झाडांवर मारूच नये. निकोटीन हे जहाल विष आहे, ते 'घरगुती' आहे म्हणून सौम्य होत नाही. शिवाय तंबाखूत मोझॅकचा विषाणू असू शकतो आणि मिरची-टोमॅटो तंबाखूच्याच कुळातले, म्हणजे काकांच्या औषधातूनच रोग यायचा. ताकाने फारसं बिघडत नाही, फारसं साधतही नाही. हळद राहू द्या फोडणीला.

तुमच्या चार कुंड्यांत चार वेगळी प्रकरणं आहेत आणि तुम्ही सगळ्यांना एकच काढा पाजताय. एकेक घेऊ.

पहिली मिरची : हा मावा. पांढरा कोंडा म्हणजे वेगळी कीड नाही, ती माव्याने टाकलेली कात आहे. मावा रस शोषतो आणि जास्तीची साखर मागून टाकतो, म्हणून पान चिकट. त्या गोडासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणजे आधी मुंग्यांचा बंदोबस्त. कुंडीच्या कडेखाली दोन बोटं रुंदीची चिकटपट्टी उलटी गुंडाळा आणि झाडाची पानं भिंतीला, ग्रिलला टेकू देऊ नका, नाहीतर मुंग्या तिकडून पूल करतात. काहीजण कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवतात. ठेवायची असेल तर पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून टाका, नाहीतर मावा जाईल आणि डेंग्यूचे डास येतील.

मग शेंडा एका हाताने आधार देऊन धरा आणि बाटलीच्या फवाऱ्याने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारा. मावा नाजूक असतो, खाली पडला की बहुतेक परत चढत नाही. दोन-तीन दिवसाआड असं करा. माव्याच्या माद्यांना नराची गरज नसते, त्या थेट पिल्लं घालतात आणि ती पिल्लं आठवड्याभरात वयात येतात. म्हणून एकदा धुवून 'काही उपयोग झाला नाही' असं मला लिहू नका.

धुताना एक मात्र बघा. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी सहा पायांची अळी त्या गर्दीत फिरताना दिसली तर तिला हात लावू नका. ती ढालकिड्याची अळी. मोठेपणी तीच लाल पाठीवर काळे ठिपके घेऊन उडते. मावा हेच तिचं जेवण. तिला लोक कीड समजून चिरडतात आणि मग निंबोळी तेलाच्या बाटल्या विकत आणतात.

दुसरी मिरची, जिला तुम्ही आकसलेली म्हणता, तिथे मला अजून एक गोष्ट कळायला हवी होती. पान कडेने वर वळलंय की खाली? वर वळलं असेल तर बहुधा फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा टपटप आपटा. कागदावर पिवळसर, बारीक दोऱ्याचे तुकडे पळताना दिसले की ते फुलकिडे. पान खाली वळलेलं, लांबट, देठ ताणल्यासारखा, असं असेल तर कोळी, म्हणजे भिंतीवरचा नव्हे, पानाचा रस शोषणारा (इंग्रजीत माइट). तो इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसणार नाही. तिसरी शक्यता विषाणूची, तो पांढरी माशी आणते. तेव्हा पानं बारीक आणि फिकट होतात, शिरा जाड दिसतात आणि झाड वाढायचंच थांबतं. त्याला औषध नाही. तसं असेल तर ते एक झाड काढून टाका, म्हणजे बाकीची वाचतील. आमच्याकडे याला सरसकट 'चुरडा-मुरडा' म्हणतात आणि दुकानदार सरसकट एकच बाटली देतो. कारणं तीन, मग एका बाटलीने कसं भागणार?

फुलकिड्यांना निंबोळी तेल चालेल. लिटरभर कोमट पाण्याला ५ मिली तेल आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे काही थेंब. क्रम महत्त्वाचा : आधी तेलात साबण घोळवा, मग थोडं थोडं पाणी घाला. उलटं केलंत तर तेल वर तरंगतं, तेवढ्या पानांवर चकचकीत थर बसतो आणि ती पानं भाजतात. आदल्या दिवशी एकाच पानावर मारून बघा. फवारणी ऊन उतरल्यावरच, कारण कडुनिंबातलं अझाडिरॅक्टीन उन्हात लवकर निकामी होतं. आणि पानांच्या खालून मारा. वरून मारलेलं औषध छत्रीवर पडल्यासारखं वाया जातं. कालवलेलं त्याच दिवशी संपवा, आठवड्याने पुन्हा ताजं करा. कोळी असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात नको. आणि तेलाच्या फवारणीनंतर निदान दोन आठवडे थांबून मग गंधक. दोन्ही लागोपाठ मारली की पानं करपतात.

टोमॅटोवरच्या रेषा म्हणजे नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये बसून खाते, त्यामुळे वरून काय मारलंत ते तिला कळतसुद्धा नाही. पान उजेडासमोर धरा. रेषा जिथे सर्वांत रुंद होते तिथे टोकाला एक पिवळट ठिपका दिसेल. तीच अळी. अंगठा आणि बोटात दाबा, झालं काम. खालची खूप रेघाळलेली पानं खुडा, बाकी सोडून द्या. चार रेघांनी टोमॅटोचं काही अडत नाही. मात्र रेघांऐवजी मोठे पांढुरके डाग पडत असतील आणि फळाला देठाजवळ टाचणीएवढी भोकं असतील तर ती वेगळी अळी आहे, टूटा. २०१४ साली ती आपल्याकडे महाराष्ट्रात प्रथम सापडली. तिची पानं आणि फळं लगेच तोडून पिशवीत बांधून टाका.

वांग्याच्या शेंड्याने मान टाकली म्हणजे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आत शिरलीय. वाकलेल्या जागेच्या बोटभर खाली शेंडा कापा आणि उभा चिरून बघा. आत गुलाबीसर अळी मिळाली तर साबणाच्या पाण्यात टाका. नाही मिळाली तर आणखी थोडं खाली कापा. हे नुसतं वांगी धरण्याआधी नेटाने केलंत तरी निम्मी लढाई तिथेच संपते. कापलेला शेंडा कुंडीतच टाकून ठेवू नका, अळी त्यातून निघून पुन्हा संसार थाटते.

एक विचारायचं राहिलं : मोहरीची पेंड किंवा युरिया घालताय का? नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि मावा तिथेच पंगत मांडतो. महिनाभर खत बंद ठेवा.

प्रश्न : माझी गच्चीवरची भेंडी पिठ्या ढेकणाने पांढरी झालीय. गावाहून मेहुण्यांनी कापसावरचं औषध शीतपेयाच्या बाटलीत थोडं ओतून पाठवलंय. लिटरला किती घालू? भेंडी रोज तोडतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, काहीही घालू नका. ती बाटली आत्ता उठून कडीकुलुपात ठेवा. पुढचं नंतर वाचा.

ठेवलीत? आता ऐका. शीतपेयाच्या बाटलीत औषध ठेवणं हा माझ्या लेखी गुन्हा आहे. घरात लहान मूल असो वा पाहुणा, तहानेला माणूस बाटलीचा आकार बघतो. त्यावर लेबल नाही, म्हणजे औषध कोणतं ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. मूळ डब्यावर एक त्रिकोण असतो : लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. तो त्रिकोण गावाकडेच राहिला. कापसावर मारलेलं कुणी तोडून खात नाही, भेंडी तुम्ही रोज खाता. त्यातली बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसात मुरतात. भाजी नळाखाली कितीही धुतलीत तरी ती निघत नाहीत. आणि मारणाऱ्याचं काय होतं, ते यवतमाळ जिल्ह्याने २०१७ साली बघितलंय. कापसावर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ती रोज फवारणी करणारी माणसं होती. तुम्ही गच्चीवर बनियनवर उभे राहून मारणार.

बाटली बेसिनमध्ये ओतू नका. मेहुण्यांना त्यांचं औषध परत न्यायला सांगा आणि दोन शब्द सुनवा, नात्याचा मान राखून.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, म्हणून नुसत्या पाण्याने तो हलत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा. भेंडी चार-पाच झाडं असेल तर अर्ध्या तासाचं काम. देठांच्या बेचक्यांत आणि बोंडाच्या टोपीखाली बघा, तिथे तो लपतो. मग वर सांगितलेलं निंबोळी तेल, आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा. आणि गच्चीवर जास्वंद आहे का? बहुतेक असेलच. जास्वंद आणि भेंडी एकाच कुळातल्या, पिठ्या ढेकणाचं माहेर तिथे असतं. जास्वंद साफ केल्याशिवाय भेंडी सुटायची नाही.

प्रश्न : परसातली कारली बोटभर झाली की पिवळी पडून सडतात. आत अळ्या निघतात आणि त्या चक्क उडी मारतात! आंब्यावरच्या फळमाशीसाठी आणलेला 'रक्षक' सापळा कारल्याच्या मांडवाला टांगला, पण कारली तशीच सडतायत.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उडी मारते म्हणजे फळमाशीचीच अळी, शंका नको. सापळा उत्तम आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा. पण त्यातलं आमिष आंब्याच्या माशीचं आहे. त्याला मिथाइल युजेनॉल म्हणतात. कारली, दोडका, काकडी यांवरची माशी निराळी, ती त्याकडे ढुंकूनही बघत नाही. तिला क्यू-ल्युर लागतं. कृषी सेवा केंद्रात 'वेलवर्गीय भाज्यांचा ल्युर' म्हणून मागा, सापळा तोच वापरा. सापळ्यात फक्त नर मरतात, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. फूल गळून फळ बोटाच्या पेराएवढं झालं की त्यावर कागदाची पिशवी चढवा, कारण माशी कोवळ्या सालीतच अंडी टोचते. सडकी फळं मांडवाखाली पडू देऊ नका आणि खताच्या खड्ड्यातही नकोत. अळी मातीत उतरून कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच उठते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका.

प्रश्न : घरच्या कंपोस्टमध्ये जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या. हुमणी (मुळं खाणारी अळी) म्हणून सगळं खत फेकून द्यावं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : फेकू नका. एक अळी फरशीवर ठेवा आणि बघत राहा. पाठीवर उताणी होऊन, पाय वर करून सरकायला लागली तर ती फुलभुंग्याची. ती कुजका पाला खाते, तुमच्यासाठी फुकटात खत करते. तिला डब्यात परत टाका. कुशीवर पडून वळवळत राहिली किंवा पायांवर चालली तर मात्र खत चाळून घ्या, अळ्या वेचून काढा आणि मगच कुंडीत भरा. मुळांवर कुणाला सोडायचं नाही, एवढंच.

प्रश्न : कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याने घाण केली असं वाटलं, तर ती हलली!
– एक वाचक, सांगली

उत्तर : फुलपाखराची अळी आहे ती. लहानपणी विष्ठेचं सोंग घेते, म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठी झाली की हिरवी होते. बोट लावलंत तर डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढून घाण वास सोडेल, घाबरू नका, चावत नाही. झाड पुरुषभर उंच असेल तर खाऊ द्या. कुंडीतलं वीतभर रोप असेल तर अळ्या पानासकट उचलून आवारातल्या लिंबाच्या किंवा मोठ्या कढीपत्त्याच्या झाडावर सोडा. लिंबू-कढीपत्ता सोडून दुसऱ्या झाडावर सोडलीत तर उपाशी मरेल. तोवर फोडणीला पानं शेजारणीकडून मागून आणा.