दिवाणजींच्या मुलीने डेटा ॲनालिटिक्स शिकावे का?

(सांगलीहून एका पालकांचे पत्र आले आहे. ते मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानात बावीस वर्षे दिवाणजी आहेत. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असून तिला डेटा ॲनालिटिक्सचा (म्हणजे आकडेवारीतून उपयोगी निष्कर्ष काढण्याच्या कामाचा) सहा महिन्यांचा खासगी कोर्स करायचा आहे. फी ८५ हजार रुपये, तीही कर्ज काढून हप्त्यांनी. पुण्यात आयटी कंपनीत असलेले मेव्हणे म्हणतात, ‘हे काम आता एआय करते, पैसे पाण्यात घालू नका.’ कोर्स लावावा की नाही, असा त्यांचा प्रश्न आहे.)

स.न.वि.वि.

आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे. हा कोर्स, या फीत आणि कर्ज काढून, आत्ता लावू नये. मात्र मुलीने या क्षेत्राकडे पाठ फिरवावी असेही मी म्हणणार नाही. उलट तुमच्या घरात वाढलेल्या मुलीला यात इतरांपेक्षा थोडी अधिक गती असेल, असे मला वाटते.

तुम्ही पत्रासोबत अभ्यासक्रमाचा जो कागद पाठवला आहे, त्यात एक्सेल, पॉवर बीआय आणि टॅब्लो (आकड्यांचे तक्ते-आलेख करणारी सॉफ्टवेअर), थोडे पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि शेवटी एक डॅशबोर्ड (महत्त्वाचे आकडे एकाच पानावर दाखवणारा अहवाल), असा क्रम आहे. सात-आठ वर्षांपूर्वी हाच कागद मी कोणालाही बिनदिक्कत सुचवला असता. त्या वेळी नव्या विश्लेषकाची पहिली दोन वर्षे साधारण एकाच कामात जात: विक्री विभागातून कोणीतरी ‘जिल्हावार, महिनावार आकडे हवेत’ असे सांगायचे, मग याने एसक्यूएल या भाषेत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून डेटाबेसमधून ते काढायचे आणि तक्ता किंवा आलेख करून पाठवायचा. हे मधले काम काढून टाकून साहेबाने सरळ सॉफ्टवेअरलाच प्रश्न विचारावा, असा प्रयत्न सॉफ्टवेअर कंपन्या बरीच वर्षे करीत होत्या. टॅब्लोने २०१९ मध्ये ‘आस्क डेटा’ नावाची सोय आणली आणि २०२४ मध्ये ती बंदही केली. पॉवर बीआयमध्येही प्रश्नोत्तरांची तशीच सोय होती. या जुन्या सोयी मुख्यतः प्रश्नातले शब्द आणि कोष्टकातल्या सदरांची नावे यांची जुळणी करीत, त्यामुळे शब्द जरा बदलला की त्या अडून बसत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआयसाठी कोपायलट हा एआय मदतनीस जाहीर केला. तो सांगितल्याबरहुकूम अहवालाचे पान मांडतो, सूत्रे लिहून देतो आणि आकड्यांचा गोषवाराही लिहितो. २०२४ च्या फेब्रुवारीत टॅब्लोचे ‘पल्स’ आले, जे एखाद्या आकड्यात चढउतार झाला की न विचारताच कळवते. कोर्सच्या शेवटी मुलीकडून जो डॅशबोर्ड करून घेणार आहेत, त्याचा कच्चा मसुदा आज एका-दोन मिनिटांत तयार होतो. एवढ्यापुरते तुमच्या मेव्हण्यांचे म्हणणे मला मान्य आहे. केवळ अहवाल बनवण्यासाठी नवी मुले घेण्याची गरज यापुढे कमी होत जाईल, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

आता तुमच्या दुकानातलेच उदाहरण घेऊ. समजा, एका दिवशी १० क्विंटल हळकुंड १५,००० रुपये दराने गेले आणि ९० क्विंटल १२,००० रुपयांनी. त्या दिवसाचा सरासरी दर किती? दोन दरांची बेरीज करून दोनाने भागले तर १३,५०० येतात, आणि वजन धरून काढला तर १२,३००. क्विंटलमागे १,२०० रुपयांचा फरक! पहिला आकडा कोणी सांगितला तर तुम्ही हसाल, पण कोष्टकात दराचे सदर आहे आणि प्रश्नात ‘सरासरी’ हा शब्द आहे, एवढेच ज्याला दिसते त्याला पहिली रीत काही चुकीची वाटणार नाही. त्यात हळकुंड, गड्डा आणि कणी असे हळदीचे वेगवेगळे प्रकार एकाच सदरात पडले असतील, तर निघणारी सरासरी कोणत्याच मालाची नसते. ‘गेल्या वर्षी’ म्हणजे एप्रिल ते मार्च, जानेवारी ते डिसेंबर की हळदीचा हंगाम, हाही प्रश्न आहेच. ‘उलाढाल’ म्हटले की अडत, हमाली, तोलाई धरायची की शेतकऱ्याच्या पट्टीतली निव्वळ रक्कम घ्यायची, हे तर दुकानागणिक बदलते.

माणूस अशा ठिकाणी थांबून विचारतो. यंत्र पुष्कळदा थांबत नाही; ते त्यातला एक अर्थ धरते आणि सुरेख आलेखासह ठाम स्वरात उत्तर देते. जुने सॉफ्टवेअर अडले की निदान अडले म्हणून कळायचे. आताचे चुकीचे उत्तर दिसायला अगदी बरोबर उत्तरासारखेच असते, आणि मला यातला खरा धोका हाच वाटतो.

हे मी नुसते अंदाजाने सांगत नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी ‘बर्ड’ या नावाची एक चाचणी तयार केली. तिच्यात ९५ डेटाबेस आणि १२ हजारांहून अधिक प्रश्न होते, आणि नोंदी मुद्दाम खऱ्या व्यवहारात असतात तशा, म्हणजे अस्ताव्यस्त, ठेवल्या होत्या. साध्या भाषेतल्या प्रश्नावरून एसक्यूएल क्वेरी लिहायची होती. चॅटजीपीटीमागच्या तेव्हाच्या जीपीटी-४ या यंत्राची सुमारे ५५ टक्के उत्तरे बरोबर आली, तर जाणकार माणसांची सुमारे ९३ टक्के. त्यानंतर यंत्रांचे गुण बरेच वाढले आहेत आणि आणखी वाढतील. तरीही, तुमच्या दुकानात ‘उलाढाल’ कशाला म्हणतात हे कुठे लिहूनच ठेवलेले नसेल, तर कितीही हुशार यंत्राला ते कळणार कसे?

म्हणून आता कंपन्यांमध्ये हे लिहून ठेवण्याच्या कामाला महत्त्व आले आहे. कोणत्या आकड्याला काय म्हणायचे, तो कशातून काय वजा करून काढायचा, कोणती नोंद धरायची आणि कोणती सोडायची, याच्या व्याख्या एकदा पक्क्या करायच्या आणि सगळे अहवाल त्यांवरच चालवायचे. लूकर हे सॉफ्टवेअर मुळात याच कल्पनेवर उभे आहे. गुगलने २०१९ मध्ये ते २६० कोटी डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले होते. पॉवर बीआयमध्येही आता कोपायलटने कोणती सदरे पाहावीत, कोणत्या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, कोणते उत्तर तपासून मान्य केलेले आहे, हे आधी भरून ठेवता येते. हे कोणी भरायचे? ज्याला विक्री आणि विक्री-परतावा, येणे आणि जमा, जीएसटीसह आणि जीएसटीविना यांतला फरक झोपेतही सांगता येतो, त्याने. संगणकशास्त्राच्या पदवीत हे सहसा शिकवत नाहीत; बी.कॉम.मध्ये शिकवतात. हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर आल्यावर खतावणीच्या बेरजा तुमच्या हातून गेल्या असतील, पण शिल्लक जुळत नाही तेव्हा मालक टॅलीला हाक मारत नाहीत, तुम्हाला मारतात.

मुलीने काय शिकावे, यात माझा पहिला आग्रह संख्याशास्त्राचा आहे. भारित सरासरी (वर हळदीची वजन धरून काढली तशी), मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा), विचलन (आकडे सरासरीपासून किती दूर पसरले आहेत ते), नमुना कसा निवडतात, आणि दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे का म्हणता येत नाही, एवढा पाया तरी पक्का हवा. एक प्रसिद्ध उदाहरण तिला जरूर सांगा. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि मुलींपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. वरवर पाहता अन्याय उघड दिसतो. विभागवार आकडे पाहिले तेव्हा मात्र मुलींविरुद्ध तसा कल आढळला नाही. जिथे सगळ्यांनाच प्रवेश मिळणे कठीण, अशा विभागांत मुलींचे अर्ज जास्त होते. एआयला एकूण टक्केवारी विचारली तर तो ती बिनचूक देईल. विभागवार पाहावे, हे सुचायला ज्याने असे चकवे आधी पाहिले आहेत असा कोणीतरी लागतो.

दुसरे एसक्यूएल. ही भाषा आयबीएममध्ये १९७४ च्या सुमारास जन्मली आणि अजून टिकून आहे. यंत्र क्वेरी लिहून देत असले तरी तिने ती हाताने लिहायला शिकावे, कारण लिहिता न येणाऱ्याला दुसऱ्याची चूक वाचता येत नाही. पॉवर बीआयची बटणे मागाहून पंधरा दिवसांत येतात, त्यासाठी ८५ हजार मोजण्याचे कारण नाही. संख्याशास्त्र आणि डेटाबेस या दोन्हींचे चांगले पाठ ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी संकेतस्थळांवर मोफत पाहायला मिळतात. पुढे तिला गोडी लागलीच, तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवी आहे. ती २०२० मध्ये सुरू झाली. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावे लागते, आणि जेईई न देता, चार आठवड्यांच्या पाठांनंतरच्या पात्रता परीक्षेतून प्रवेश मिळवता येतो. मध्येच थांबावे लागले तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र किंवा पदविका हाती राहते. अभ्यास मात्र कस काढणारा आहे, घरबसल्या आहे म्हणून सोपा समजू नये.

कर्जाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. अशा कोर्सचे हप्ते बहुधा एखाद्या वित्तकंपनीच्या कर्जाचे असतात. शिकवणे आवडले नाही किंवा क्लास मध्येच सोडला, तरी हप्ता चालूच राहतो. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याचा नोकरीआधीच सातवा हप्ता कापला गेला होता, आणि ‘प्लेसमेंट’ म्हणजे त्याला फक्त जाहिरातींचे दुवे पाठवले जात होते. जाहिरातीत ‘नोकरीची हमी’ लिहिले आहे की ‘नोकरीसाठी साहाय्य’, हे करारात शोधून पाहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली नोकरी ‘डेटा ॲनालिस्ट’ याच नावाची मिळेल असेही धरून चालू नका. एमआयएस एक्झिक्युटिव्ह (कंपनीचे नियमित अहवाल तयार करणारा), लेखापरीक्षकाकडील सहायक, बँकेच्या किंवा कारखान्याच्या हिशेब विभागातली जागा, यांतून आत शिरलेली आणि पुढे चांगल्या हुद्द्यावर गेलेली मुले मी पाहिली आहेत. चार ओळींचे टिपण नेटक्या इंग्रजीत लिहिण्याचा सराव तेवढा तिने ठेवावा. आकडे काढून झाल्यावर ते साहेबाला समजावून सांगावेच लागतात.

परीक्षा संपल्यावर तिला एक काम द्या. केंद्र सरकारच्या ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावर बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर रोजच्या रोज मिळतात. सांगलीच्या हळदीचे दोन हंगामांचे आकडे तिने उतरवून घ्यावेत आणि दहा प्रश्न तयार करावेत. ते एखाद्या एआय साधनाला विचारावेत आणि तेच स्वतः एक्सेलमध्ये सोडवावेत. उत्तर कुठे जुळले नाही, का जुळले नाही, कोणत्या दिवसांच्या नोंदीच नव्हत्या, हे वहीत लिहावे आणि ती वही तुम्ही तपासावी. तिच्या वर्गात असा परीक्षक दुसऱ्या कोणाला मिळणार नाही! दुकानाच्या वह्या मात्र यासाठी वापरू देऊ नका. शेतकऱ्यांची नावे, फोन आणि बँक खाती फुकटच्या एआय साधनात घालण्याचा अधिकार तिलाही नाही आणि तुम्हालाही नाही. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालेला आहे.

या कामाला तीन-चार आठवडे पुरतील. त्यात तिला कंटाळा आला तर ८५ हजार वाचले असे समजा. रमली, तर वहीची चार पाने मला पाठवा आणि तिला स्वतःला पत्र लिहू द्या. कोर्स हवाच का आणि कोणता, हे मग तिच्याशीच बोलू. तोपर्यंत क्लासला जागा राखण्यासाठी म्हणून आगाऊ रक्कम भरू नये.

कळावे,
आपला,
करिअर मार्गदर्शक