केनियाची सफारी: येत्या ऑगस्टात की पुढच्या जूनमध्ये?

सांगलीहून एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: लग्नाला 25 वर्षं होतायत म्हणून दोघांनी येत्या ऑगस्टात केनियाला जायचं ठरवलंय. त्यांना मसाई माराचं अभयारण्य बघायचंय, तर मिस्टरांना इतिहासाची आवड म्हणून मोंबासा. एजंटाने दोघांचे 7 लाख 40 हजार सांगितलेत. घरात मिळून 1 लाख 45 हजार येतात. त्यातले 60 हजार घरखर्चाला, 24 हजार गृहकर्जाच्या हप्त्याला आणि 16 हजार एसआयपीला जातात. ऑक्टोबरात 5 लाखांची एफडी सुटते. मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी फंडात 9 लाख आहेत, ते दीड वर्षाने लागतील. फंडातले 3 लाख काढावेत आणि उरलेल्यातले 4 लाख पर्सनल लोन घ्यावं, असं दिरांचं मत आहे. काय करावं?

ताई, जरूर जा. 25 वर्षं दोघांनी नोकऱ्या करून घर उभं केलंत, तुम्हाला काटकसरीचं प्रवचन देणारा मी कोण? माझी हरकत आहे ती ऑगस्टाला आणि दिरांच्या हिशेबाला.

4 लाखांचं कर्ज 13 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण साडेतेरा हजार बसतो आणि व्याजापोटी 85 हजार जातात. फंडाचं तर नावच काढू नका. खरं म्हणजे सहल असो वा नसो, दीड वर्षाने लागणारे पैसे शेअर बाजाराच्या भरवशावर राहता कामा नयेत. तो फंड इक्विटीचा असेल तर पैसे टप्प्याटप्प्याने एफडीत आणायला लागा, काही 31 मार्चच्या आधी आणि काही नंतर. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर आर्थिक वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही; दोन वर्षांत विभागलंत तर ही सवलत दोनदा मिळेल.

आता ऑगस्टाकडे येऊ. मसाई माराचं प्रवेशशुल्क 2024 पासून असं आहे: परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर, जुलै ते डिसेंबर 200. दोघांचे तीन दिवस धरले तर ऑगस्टात 1200 डॉलर आणि जूनमध्ये 600. डॉलर 90 रुपये धरला तरी नुसत्या तारखेने 54 हजार वाचतात. लॉजवाल्यांचे भावही हंगामात चढलेले असतात, ती बचत वेगळी. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात. शाळा ऐन भरात असताना, 15 ऑगस्टच्या तोंडावर दहा दिवसांची रजा मुख्याध्यापक हसत देणार आहेत का? जूनच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळी सुट्टी चालू असते आणि तिकडचा मोठा पाऊसही बहुधा सरलेला असतो.

जूनमध्ये एक गोष्ट मात्र बहुतेक मिळणार नाही: वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडताना दिसणं. तेव्हा ते सहसा टांझानियाच्या बाजूला, सेरेंगेटीत असतात. सिंह, चित्ते, हत्ती मारात बारा महिने असतात. तुमचा जीव त्या नदीतच अडकला असेल तर ऑगस्टच धरा, पण पुढच्या वर्षीचा. आणि तेव्हाही कळप काठावर येऊन तासन्‌तास उभे राहतात आणि माघारी फिरतात, हे मनाशी धरून जा.

कात्री लावायचीच तर नाकुरू तळ्याकाठच्या मुक्कामाला लावा. तळ्याचं पाणी वाढल्यापासून तिथले फ्लेमिंगो बरेच पांगलेत. गेंड्यांसाठी जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मोंबासा मात्र ठेवा. 1593 साली पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला फोर्ट जीझस आणि त्याच्या शेजारचं जुनं शहर बघायला सफारीच्या मानाने किरकोळ खर्च येतो. नैरोबीहून तिथे विमानाऐवजी रेल्वेने जा. 2017 पासूनची ही गाडी साधारण सहा तासांत पोचवते आणि वाटेत त्सावोचं जंगल लागतं. शिवाय स्वाहिलीतही चहाला 'चाय' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात, तेव्हा उपाशी राहायची भीती नाही.

एवढं केल्यावर एजंटाचा आकडा 6 लाखांच्या आसपास यायला हवा. ई-परवाना, विमा, ड्रायव्हर-गाइडची टिप आणि खरेदी यांचे 40 हजार वेगळे धरा. आता तुमच्याच आकड्यांनुसार महिन्याला 45 हजार उरायला हवेत. ते कुठे जातात, हे पत्रात नाही. आधी ते शोधा. जुलैपासून मेपर्यंत 40 हजारांची आवर्ती ठेव भरलीत तर 4 लाख 40 हजार होतात. एफडी सुटली की त्यातले 2 लाख यात घाला. उरलेले 3 लाख अडीअडचणीसाठी पुन्हा एफडीत टाका. तुमची नोकरी कायमची असल्याने तेवढे पुरतात. एसआयपी चालू राहू द्या.

धोका आहे तो डॉलरचा. 2015 मध्ये तो 64 रुपयांच्या आसपास होता, 2025 संपता संपता 90 च्या घरात गेला. म्हणून बुकिंगच्या दिवशीच रुपयांतला भाव लेखी पक्का करून घ्या. एजंट टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या बिलावर आगाऊ घेतला जाणारा कर, आकारेल, त्याने घाबरू नका. तो तुमच्या आयकरात वळता होतो. ज्याच्या पगारातून टीडीएस कापला जातो त्याच्या पॅनवर बुकिंग करा आणि ऑफिसात कळवा, म्हणजे पगारातल्या कपातीतच तो जिरवता येतो.

आणि पीतज्वराची लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्या. तो पिवळा दाखला नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि शाळा 15 जूनच्या सुमारास उघडते.