परवाना एका राज्याचा, रुग्ण दुसऱ्या राज्यात

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. करत असून पुढे अमेरिकेत डॉक्टरेट करण्याचा तिचा विचार आहे. एकदा तिथला परवाना मिळाला की व्हिडिओ कॉलवरून कोणत्याही राज्यातल्या रुग्णांना, पुढे नाशिकला घरी राहूनसुद्धा, सेवा देता येईल असे तिला वाटते, आणि ते खरे आहे का, असे आपण विचारले आहे. ही समजूत प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त व्हायला हवी, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचे मंडळ देते. आणि सत्राच्या वेळी रुग्ण ज्या राज्यात बसलेला असतो, तिथला कायदा पाळावा लागतो. ही अडचण कमी करणारा ‘सायपॅक्ट’ हा आंतरराज्य करार 2019 मध्ये अमलात आला आणि आज बहुतेक राज्ये त्यात सहभागी आहेत; कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क मात्र अद्याप बाहेर आहेत. न्यू जर्सीतला मानसशास्त्रज्ञ या करारानुसार अधिकार मिळवून टेक्सासमधल्या रुग्णाला सेवा देऊ शकतो, पण त्या मानसशास्त्रज्ञाच्याच शेजारी राहणारा रुग्ण नोकरीसाठी न्यू यॉर्क राज्यातल्या मॅनहॅटनला गेला आणि जेवणाच्या सुट्टीत तिथून कॉलवर आला, तर त्या सत्राला हा करार लागू होत नाही. रुग्ण आज कुठे आहे, हे म्हणूनच प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला विचारावे लागते.

हा अधिकार परवान्यासोबत आपोआप मिळत नाही. त्यासाठी डॉक्टरेट, करारात सहभागी असलेल्या एखाद्या राज्याचा (म्हणजे आपल्या ‘गृहराज्याचा’) वैध परवाना आणि ‘ई-पासपोर्ट’ नावाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, केवळ एम.ए. पुरत नाही. शिवाय सेवा देताना मानसशास्त्रज्ञाने स्वतः गृहराज्यात हजर असणे अपेक्षित आहे, त्यामुळे नाशिकहून अमेरिकी रुग्ण पाहण्याची योजना या करारात बसत नाही, हे मी आपल्याला स्पष्टच सांगतो.

तिने अमेरिकेला जाऊ नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. विद्यापीठ निवडताना अभ्यासक्रमाला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता आहे का, हे तिने आधी पाहावे, कारण मान्यता नसलेल्या पदवीमुळे पुढचा परवानाच अडू शकतो. त्यानंतर, जिथे स्थायिक व्हायचे आहे त्या राज्याच्या मंडळाचे नियम आणि कराराची सद्यस्थिती तिने स्वतः वाचावी. अर्जांची यादी त्यानंतरच पक्की करावी.